मंगळवारचा कागद

१५ मार्च २०१८च्या संध्याकाळी मी आमच्या खाणीवरचा शेवटचा नमुना तपासला. वहीत लोहाचा आकडा लिहिला, ब्युरेट, म्हणजे थेंब थेंब द्रव सोडायची मापाची काचनळी, धुऊन स्टँडला उलटी लावली, ओव्हन बंद केला. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारीला गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं होतं आणि १६ मार्चपासून उत्खनन थांबणार होतं. हे आम्हाला महिनाभर आधीच कळलं होतं. तरीही त्या संध्याकाळी कुणी कुणाचा निरोप घेतला नाही. "सुरू जातलें. रावया," म्हणजे सुरू होईल, थांबूया, असं म्हणत सगळ्यांनी मोटरसायकली काढल्या आणि घरची वाट धरली.

मी डिचोली तालुक्यातला. तेव्हा वय चौतीस, रसायनशास्त्रात बी.एस्सी., खाणीच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं. पुढची नोकरी लागली डिसेंबर २०१९मध्ये. मधले एकवीस महिने मी बेकार होतो आणि त्या काळात रोजगाराच्या नावाने चालणाऱ्या जवळजवळ प्रत्येक दारात जाऊन आलो. नोकरी कुठून मिळाली हे लोक विचारतात. त्या दारांनी माझ्या शोधण्यात काय बदल केला, हे कुणी विचारत नाही. मला तेच सांगायचं आहे.

आधी त्या "रावया"बद्दल. बाहेरच्यांना तो आळस वाटतो. आमच्या पट्ट्यात थांबणं हा कामाचाच भाग होता. हंगाम ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात खाण थंड. शिवाय २०१२मध्येही सगळं बंद पडलं होतं. तेव्हा एप्रिल २०१४मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली, आणि पुढे काम पुन्हा चालू झालं. जे थांबले त्यांना काम परत मिळालं, जे घाईने दुसरीकडे गेले ते हळहळले. ट्रकवाल्यांपासून गॅरेजवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या मनावर हा धडा कोरला गेला होता. म्हणून २०१८च्या त्या पावसाळ्यात मी एकही अर्ज केला नाही. कुळागारात, म्हणजे घरच्या सुपारी-नारळाच्या बागेत, काम केलं, मुलीला शाळेत सोडलं, पेपर वाचला. पत्नी गावच्या पतसंस्थेत कारकून होती, तिच्या पगारावर घर चाललं. ती एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली असती तर मला बरं वाटलं असतं, असं आता वाटतं.

गणपती झाल्यावर मी पणजीला गेलो. कदंब स्टँडवर उतरून चालत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात. कागद जमवायला आधीचे पंधरा दिवस लागले होते: मामलेदाराकडचा पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, जन्मदाखला, पदवी, मार्कशीट. तिथल्या रोजगार विनिमय केंद्राचं, म्हणजे बेकारांची नावं नोंदवणाऱ्या सरकारी कार्यालयाचं, कार्ड हातात पडलं त्या दिवशी मला काय वाटलं ते जसंच्या तसं सांगतो. वाटलं, काम झालं.

खिडकीतल्या बाईंनी तर नीट समजावलं होतं. "कार्ड म्हणजे नोकरी नव्हे. तीन वर्षांनी रिन्यू करा, आणि पेपरातल्या जाहिराती बघत राहा." पण कान ऐकतो आणि मन आपलंच चालवतं. गोव्यात सरकारी जाहिरातीत कार्ड मागतात, त्यामुळे कार्ड म्हणजे रांगेतला नंबर असं आपल्याकडे घरोघरी धरून चालतात. तशी रांग नसते. १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की रोजगार केंद्राकडून नावं मागवणं पुरेसं नाही, जाहिरात देऊन इतरांनाही संधी द्यावी. आणि खाजगी कंपन्यांचं म्हणाल, तर तेव्हा लागू असलेल्या १९५९च्या कायद्याने पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना रिकाम्या जागा रोजगार केंद्राला कळवणं बंधनकारक होतं. तिथूनच माणूस घेणं मात्र नव्हतं. हे मी पुढे वाचलं. तेव्हा माहीत असतं तरी वागलो वेगळं असतो का, सांगता येत नाही.

कारण दुसरी एक गोष्ट जास्त खोल होती. आमच्याकडच्या सरकारी जाहिरातींत कारकुनापासून कितीतरी पदांना वयाची अट पंचेचाळीसपर्यंत असते. बाहेरच्या राज्यातल्या माणसाला हे भाग्य वाटेल. पण चौतीस वर्षांच्या बेकाराच्या मनात त्याचा हिशेब असा होतो की अजून अकरा वर्षं आहेत. मी सहा महिने फक्त सरकारी जाहिराती वाचल्या. "कोंकणीचे ज्ञान आवश्यक, मराठीचे ज्ञान इष्ट" ही ओळ पाठ झाली. चार अर्ज केले, एका लेखी परीक्षेला बसलो. खाजगी जाहिरातींचं पान मी उलटत होतो, पण वाचत नव्हतो. कार्ड मिळण्याआधी मी निदान अस्वस्थ होतो. कार्डाने ती अस्वस्थता शांत केली आणि शोध तिच्याबरोबर मंदावला.

मग एक अल्पमुदतीचं प्रशिक्षण घेतलं. तीन महिने, सकाळी नऊ ते एक, संगणकावर हिशेब लिहायचा कोर्स. आधारवर अंगठा लावून हजेरी. शिकवणारी मुलगी जीव ओतून शिकवायची, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण मी रसायनशास्त्राचा माणूस, हिशेबनिसाच्या जागेला मी का हवा होतो? केंद्रात त्या तुकडीत जागा होती आणि मला घराबाहेर पडायला कारण हवं होतं, एवढंच. त्या तीन महिन्यांत मी कुठेही अर्ज केला नाही. घरी विचारलं तर उत्तर तयार असायचं, "कोर्स चालू आहे." अर्थशास्त्रात याला नाव आहे: प्रशिक्षण चालू असेपर्यंत माणूस त्यात अडकून पडतो आणि त्याचा नोकरीचा शोध थंडावतो. प्रशिक्षण कामाचं असेल तर पुढे ते भरून निघतं, नसेल तर तेवढे महिने गेलेच. माझे गेले. प्रमाणपत्र दिलं, फोटो काढला. नोकरीसाठी फोन येईल असं सांगितलं होतं. तो एकदाच आला, पुण्याहून, महिना नऊ हजारांसाठी.

२०१९च्या उन्हाळ्यात रोजगार मेळाव्याला गेलो. मोठा मंडप, पंखे, प्रत्येक टेबलावर कंपनीचं नाव, आणि प्रत्येक टेबलापुढे कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली मुलं. माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलीने मला विचारलं, "अंकल, तुम्ही कुठल्या कंपनीतर्फे?" मी तिला सांगितलं की मीही अर्ज द्यायलाच आलोय. ती ओशाळली आणि तिने मला पुढे जाऊ दिलं. त्या दिवशी सतरा बायोडाटे वाटले. दोन फोन आले, त्यांतली एक जागा इन्शुरन्स विकण्याची होती.

तरी त्या मेळाव्याला मी वाया गेलेला म्हणणार नाही. खाणीत माझा पगार हातात सव्वीस हजार होता आणि तोच आकडा डोक्यात धरून मी बसलो होतो. तिथे औषध कंपन्यांच्या तीन टेबलांवर तीन वेगवेगळ्या माणसांनी मला एकच गोष्ट सांगितली: त्यांच्या यंत्रांवर काम केल्याचा अनुभव नसेल तर ट्रेनी म्हणून या, बारा हजारांच्या आसपास. पहिल्याचा राग आला. दुसऱ्याला मी विचारलं, वर्षाने किती? तिसऱ्याकडे मी खुर्ची ओढून बसलो. बाजारात माझी किंमत काय हे पंधरा महिने मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. इथिओपियात अदीस अबाबाला असे मेळावे भरवून अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. दहा कंपन्यांमागे जेमतेम एकाला नोकरी लागली, पण येऊन गेलेल्यांच्या पगाराच्या अपेक्षा बदलल्या आणि शोधण्याची पद्धतही. ते वाचलं तेव्हा मला ती तिसरी खुर्ची आठवली. बसने घरी येताना सव्वीस हजारांचा आकडा मी मनातून खाली ठेवला. ते दुखलं. खाली ठेवला नसता तर पुढचं काही घडलं नसतं.

आता मुख्य गोष्ट. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका सेवाभावी संस्थेने खाणपट्ट्यातल्या बेकारांसाठी कार्यशाळा घेतली. सलग पाच दिवस, आणि नंतर दर मंगळवारी दोन तास. जागा म्हणजे गावातल्या देवळाच्या सभागृहाची मागची खोली. पहिल्या दिवशी आम्ही पंधरा जण होतो. पोकलेन चालवणारे, बार्जवरचे, दोन ट्रकमालक, वजनकाट्यावरचा एक, कँटीन चालवणारी एक विधवा ताई. शिकवणाऱ्या मॅडम निवृत्त शिक्षिका. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "माझ्याकडे एकही नोकरी नाही. मी कुणाला फोन करणार नाही. कुणाला त्यासाठी बसायचं असेल तर आत्ताच उठा, राग नाही." दोघे उठले. दुसऱ्या दिवशी त्यातला एक परत आला.

माझा बायोडाटा त्यांनी हातात घेतला. त्यावर कामाच्या अनुभवाची एकच ओळ होती: "खाणीत लॅब असिस्टंट, १२ वर्षे."

"म्हणजे तुम्ही रोज काय करायचात?"

"नमुने तपासायचो."

"मला रसायनशास्त्रातलं काही कळत नाही. सकाळी लॅबचं दार उघडलंत, तिथून सांगा."

मी सांगू लागलो. नमुना आला की त्याचा ढीग करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेल्या दोघांचा पुन्हा ढीग, असं करत मूठभर उरेपर्यंत. मग १०५ अंशांवर वाळवायचा, दळायचा, अचूक तोलायचा. हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचा. पिवळा रंग जाईपर्यंत स्टॅनस क्लोराइडचे थेंब, एकही जास्त नको. मग मर्क्युरिक क्लोराइड, रेशमासारखा पांढरा साका दिसला तर बरोबर, करडा झाला तर पहिल्यापासून पुन्हा. शेवटी पोटॅशियम डायक्रोमेटचं टायट्रेशन, म्हणजे रंग बदलेपर्यंत ब्युरेटमधून थेंब सोडत मोजणं. हिरव्यातून जांभळा येतो तो एका थेंबात येतो. त्या थेंबाला हात थांबला पाहिजे. दिवसाला वीस-पंचवीस नमुने. जहाजात भरलेल्या खनिजाचा भाव त्या आकड्यावर ठरायचा.

बोलताना माझा हात हवेत ब्युरेटचा कॉक फिरवत होता. खोली गप्प झाली होती. वजनकाट्यावरचा म्हणाला, "बारा वर्षं मी याच्या लॅबसमोर बसलो, हे आज कळतंय." मॅडम म्हणाल्या, "हेच लिहा. असंच." त्या रात्री बायोडाटा मी नव्याने लिहिला आणि लिहिताना पहिल्यांदा लक्षात आलं की खाणीतलं माझं काम खाणीपुरतं नव्हतं. टायट्रेशन पाण्याचं होतं, औषधाच्या कच्च्या मालाचं होतं, खाद्यतेलाचंही होतं.

मग आला तो कागद. पाच रकाने: दिवस, वेळ, कुठे, कुणाला भेटणार, काय झालं. मंगळवारी पुढच्या आठवड्याचा कागद भरायचा आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. मी पहिल्यांदा लिहिलं, "औद्योगिक वसाहतीत चौकशी करणे." मॅडमनी तो परत दिला. कुठली वसाहत, किती वाजता, किती गेटं? शेवटी झालं असं: "बुधवार, सकाळी ९:३०, डिचोली औद्योगिक वसाहत, तीन गेट, एच.आर.ला भेट, नाही भेटले तर वॉचमनकडून नाव आणि नंबर." "बघतो" आणि "प्रयत्न करतो" हे दोन शब्द कागदावर चालायचे नाहीत.

दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या परिसरात बेरोजगार तरुणांबरोबर असाच लेखी नियोजनाचा प्रयोग झाला होता. त्याचे निष्कर्ष २०१९मध्येच प्रसिद्ध झाले. कागद भरणाऱ्यांचे अर्ज १५ टक्क्यांनी वाढले, नोकरीचे प्रस्ताव ३० टक्क्यांनी. शोधण्यात घालवलेले तास मात्र वाढले नव्हते. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं, कारण माझंही तेच झालं होतं. पूर्वीही मी दिवसभर नोकरीचाच विचार करायचो. तो विचार कुठल्या बसमध्ये बसत नव्हता. कागदाने त्याला साडेनऊची वेळ दिली आणि डिचोलीचा स्टॉप दिला.

दुसरं एक शिक्षण होतं नकाराचं. मॅडम म्हणायच्या की ही पद्धत ऐंशीच्या दशकात मिशिगन विद्यापीठात घडवली गेली: नकार येणारच हे धरून चालायचं आणि त्यानंतर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवायचं. त्या आमच्याकडे पाठ करून बसायच्या, म्हणजे फोनवर असतो तसा चेहरा दिसायचा नाही, आणि आम्ही त्यांना नोकरी विचारायची. "जागा नाही," म्हणायच्या. पहिल्या वेळी मी "थँक यू" म्हणून थांबलो. "मग फोन ठेवलात? विचारा ना, पुन्हा कधी विचारू? ओळखीत कुणाला माणूस हवा आहे का?" बारा वर्षं ज्याने हुकूम ऐकला आणि आकडा दिला, त्याला हे दोन प्रश्न विचारायला किती जड जातं, हे त्या खोलीतल्यांनाच ठाऊक. ट्रकमालकांतला एक, पन्नाशीचा, फोनच्या सरावात रडला. कुणी हसलं नाही.

सप्टेंबर ते नोव्हेंबर मी एकतीस गेटं केली. डिचोली, होंडा, पिळर्ण, कुंडई, एकदा वेर्णा. वेर्ण्याला दोन बस बदलून जायला अडीच तास लागले आणि आत सोडलंच नाही. त्या कागदाच्या शेवटच्या रकान्यात मी फक्त "नाही" लिहिलं. मंगळवारी तो वाचताना आवाज चढला. पोकलेनवाला काका म्हणाला, "माझेही चार नाहीत. लिहून घे." नकार घरी नेला की तो आपला एकट्याचा होतो. मंगळवारी तो चौदा जणांत वाटला जायचा, आणि बुधवारी पुन्हा बाहेर पडता यायचं.

नोकरीचा दुवा शेवटी गेटावर सापडला नाही. कँटीनवाल्या ताईंचा भाऊ कुंडईला कंपनीची बस चालवायचा. त्याच्या बसमधून जाणारी एका तपासणी प्रयोगशाळेतली मुलगी लग्न होऊन बेळगावला निघाली होती. ताईंनी माझं ते टायट्रेशन ऐकलं होतं, म्हणून त्यांना ते माझ्यासाठी लक्षात राहिलं. मंगळवारी त्यांनी सांगितलं, त्याच संध्याकाळी मी फोन केला. जागा नाही असं म्हणाले. मी दुसरा प्रश्न विचारला: ती मुलगी कधीपर्यंत आहे, आणि तोवर मी एक दिवस येऊन काम दाखवू का? पलीकडे थोडा वेळ आवाज नव्हता. मग म्हणाले, शुक्रवारी या.

शुक्रवारी त्यांनी पाण्याचा नमुना दिला, काठिण्य काढायला. ई.डी.टी.ए.चं टायट्रेशन, लालसर रंगातून निळा. वीस महिन्यांनी हातात ब्युरेट होती. तिन्ही वेळा एकच आकडा आला. साडेसोळा हजार, वर्षाचा करार. मी हो म्हटलं.

आमच्या चौदांतल्या नऊ जणांना वर्षाच्या आत काही ना काही काम लागलं. पाच जणांना नाही, आणि मला त्यांच्याविषयी बोलल्याशिवाय हे संपवता येणार नाही. पोकलेनवाल्या काकांचा कागद सगळ्यांत चोख असायचा. वेळ, जागा, माणूस, सगळं वळणदार अक्षरात. पण खाणीच बंद असताना तालुक्यात पोकलेन चालवणाऱ्यांची गर्दी आणि काम मूठभर. कागदाने रिकामी जागा तयार होत नाही. ती असली तर तिच्यापर्यंत माणूस लवकर पोचतो. एखादी योजना चालवणारे आणि तिच्यावर पैसा खर्च करणारे हा फरक मनात ठेवत नाहीत, तेव्हा जागा नसल्याचा दोष काकांच्या कपाळी येतो: "तुम्ही नीट शोधत नाही." हे वाक्य त्यांना एका कार्यालयात ऐकवलं गेलं होतं. त्या मंगळवारी ते आले नाहीत. मी त्यांच्या घरी गेलो, तर ते अंगणात पुढच्या आठवड्याचा कागद भरत बसले होते.

मार्च २०२०मध्ये मंगळवार बंद पडले, ते पुन्हा त्या रूपात सुरू झाले नाहीत. माझी प्रयोगशाळा चालू राहिली. करार तीनदा वाढला, नंतर मी कायम झालो. डिसेंबर २०२२मध्ये खाणपट्ट्यांचे पहिले लिलाव झाले आणि २०२४मध्ये डिचोलीच्या पट्ट्यातून पुन्हा खनिज निघू लागलं. त्याच सुमाराला आमच्या जुन्या सुपरवायझरचा फोन आला.

"ऐक, लॅब उभी राहतेय. तुझं नाव मी सांगितलंय. जातलें रे. थोडे दीस राव."

मी जेवत होतो. डाव्या हाताने पेन ओढलं, मुलीच्या वहीचं मागचं पान उघडलं. विचारलं, कायम की कंत्राटी? पगार किती? कुणाला भेटायचं, कुठल्या दिवशी, किती वाजता? ते म्हणाले, एवढं अजून ठरलेलं नाही, तू फक्त तयार राहा. मी म्हटलं, ठरलं की सांगा, मी त्याच दिवशी येऊन बघतो. आणि पोकलेनला माणूस लागणार आहे का? एक काका आहेत, साठीला आले असतील, पण हात अजून पक्का आहे. त्यांचा नंबर देतो, लिहून घ्या.

त्यांनी लिहून घेतला. मी वहीच्या पानावर तारीख घातली, आणि चौथ्या रकान्यात काकांचं नाव.